नाक, नख आणि लसूणघास

कोल्हापूर जिल्ह्यातला दूध उत्पादक स्वतःचा रक्तदाब डॉक्टरांनी धरून बसवलं तरच मोजू देतो. म्हशीच्या दुधाची फॅट मात्र दिवसातून दोनदा मोजली गेली नाही तर त्याला करमत नाही. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा. गावच्या दूध संस्थेत किटली रिकामी झाली की नमुना यंत्राखाली जातो, आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर घरातला पुढच्या बारा तासांचा सूर ठरतो. फॅट ७.२ वरून ६.८ वर आली, तर घरी पोचेपर्यंत संशयितांची यादी तयार असते. वासराने चोरून ओढलेली धार, बदललेली हवा, कालच गोठ्यात डोकावून गेलेल्या पाहुण्याची दृष्ट, आणि शेवटी, अगदीच कुणी सापडलं नाही तर, म्हशीच्या पोटात गेलेली वैरण.

१९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव 'गोकुळ'. या संघाने जिल्ह्याला दर दहा दिवसांनी हातात येणारं दुधाचं बिल दिलं, दिवाळीचा दूध दर फरक दिला आणि विधानसभेची निवडणूक सराव सामना वाटावी अशी संचालक मंडळाची निवडणूकही दिली. पण त्याचं आणखी एक देणं सहसा कुणी मोजत नाही. शाळेत अपूर्णांकाच्या तासाला खिडकीतून पळालेल्या माणसालाही त्याने दशांश चिन्ह शिकवलं. फॅट, एसएनएफ, डिग्री हे शब्द इथं पारावर, एसटीत आणि लग्नाच्या पंगतीत चालतात. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा जाता जाता विचारतात, "म्हशीची फॅट किती लागती?"

आणि त्याच दारात वैरणीचा टेम्पो येऊन थांबला, की हे सगळं दशांशशास्त्र गोठ्याच्या खुंटीला अडकवलं जातं.

"कसा हाय घास?"

"एक नंबर."

"एक नंबर म्हंजे?"

"म्हंजे एक नंबर! हिरवागार हाय बघा की."

तपासणी संपली. दुधाच्या थेंबाला यंत्र, आणि ज्याच्यातून ते दूध व्हायचं त्या टनभर वैरणीला 'बघा की'.

पारखीचा अभिमान या मुलखाला जुना आहे, हे मान्य करायला हवं. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून पिळलेलं धारोष्ण दूध ग्लासात घेणारा माणूस फेसाकडे बघून म्हशीची जात सांगतो, आणि चुकला तरी आवाज खाली आणत नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात पैलवानाची मांडी बघून त्याचा खुराक ओळखणारे प्रेक्षक असतात. दिवाळीत शिंगं रंगवलेल्या, अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेल्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागे मालकाच्या हाकेवर पळतात, तेव्हा रस्त्याकडेला उभे असलेले जाणते त्यांच्या कातडीच्या तकाकीवरून मालकाचं वर्षभराचं अर्थकारण वाचून दाखवतात. अशा गावात वाळल्या घासाचा गठ्ठा ओळखायला प्रयोगशाळा कशाला?

अडचण एवढीच, की घास म्हशीपेक्षा लबाड असतो.

लसूणघास हे मेथीच्या नात्यातलं, तीन-तीन पानांचं, जांभळ्या फुलांचं द्विदल पीक. मूळ इराण-मध्य आशियाच्या बाजूचं. जिथं घोडे गेले तिथं तेही गेलं, आणि पुढे घोड्यांना पेट्रोल आणि डिझेलने सुट्टी दिल्यावर गाई-म्हशींच्या गव्हाणीत स्थिरावलं. अमेरिकेत त्याला अल्फाल्फा म्हणतात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, दोनेक महिन्यांनी पहिली कापणी घ्यायची आणि मग दर २५ ते ३० दिवसांनी विळा लावायचा. निगा राखली तर तीन-चार वर्षं तो कापून घेतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेला आरएल-८८ हा त्याचा बहुवार्षिक वाण शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे, आणि कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय त्याच विद्यापीठाखाली येतं. तेव्हा घास इथं परका नाही. वाळलेला घास मात्र थोडा परका आहे, आणि त्याला कारण आकाश आहे. गगनबावड्याकडून ढग निघाले की जून ते सप्टेंबर या जिल्ह्यात शाळेचा गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथं घास कुठला वाळणार? तो वाळवायचा हिवाळ्या-उन्हाळ्यात, किंवा मग कोरड्या मुलखातून ट्रकने आणायचा.

हा खटाटोप कशासाठी? कोल्हापूर उसाचा जिल्हा. कारखाने सुरू झाले की रस्त्याकडेला वाढ्यांचे भारे उभे राहतात, ऊसतोड टोळ्या आणि गोठेवाले यांच्यात घासाघीस रंगते आणि मार्चपर्यंत जिल्ह्यातली जनावरं वाढ्यांवर जगतात. वाढ्यांत प्रथिनं पाच-सहा टक्के, कडब्यात त्याहूनही कमी. शिवाय वाढ्यांतलं ऑक्झॅलेट जनावराच्या पोटातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. चांगल्या वाळल्या लसूणघासात १८ ते २० टक्के प्रथिनं असतात आणि कॅल्शियम भरपूर. म्हणजे वाढं जे पळवतं तेच घास आणून देतो. अशी सोयरीक पत्रिका बघूनही जुळत नाही.

पण ही सोयरीक महागाची आहे. हिरव्या घासात साधारण ८० टक्के पाणी असतं. १०० किलो हिरवा घास वाळवला की २३-२४ किलो हातात राहतो. विकणाऱ्याच्या मनात मोह शिरतो तो नेमका इथं. पूर्ण वाळवला तर वजन घटतं; जरा ओला ठेवला तर काट्यावर बरा दिसतो. १२ टक्के ओल असलेल्या १०० किलोंत ८८ किलो घास आणि २५ टक्के ओल असलेल्या १०० किलोंत ७५ किलो. मधले १३ किलो पाणी घासाच्या भावाने. ज्या जिल्ह्यात दुधात वाटीभर पाणी सापडलं तर दूध संस्थेत पंचायत बसते, त्या जिल्ह्यात वैरणीतलं हे पाणी पाहुण्याच्या मानाने घरात घेतलं जातं.

आता पारख्यांकडे वळू. सगळ्यांत मोठा पंथ डोळेवाल्यांचा. हिरवा तो एक नंबर, पिवळा तो दोन नंबर, तपकिरी दिसला की टेम्पो परत. रंगाला अर्थ नाही असं नाही. झटपट वाळलेला घास हिरवा राहतो, त्यात कॅरोटीन टिकतं आणि त्यातून जनावराला अ जीवनसत्त्व मिळतं. पण उन्हात पडून वरून पांढुरका झालेला गठ्ठा आत हिरवागार निघू शकतो, आणि त्याच्या प्रथिनांना उन्हाने फारसा हात लावलेला नसतो. उलट डोळ्यात भरणारा हिरवा गठ्ठा वयाने म्हातारा असू शकतो: फुलोरा उलटून गेल्यावर कापलेला, काड्या जून झालेल्या, रंग तेवढा तरुण. नुसत्या रंगावर घास घेणं म्हणजे तांबड्या रश्श्याचा तवंग बघून खालचं मटण शिजलंय की नाही ते सांगणं. कोल्हापुरात असं सांगणारेही भेटतात, हा भाग वेगळा.

नाकवाले त्यामानाने शहाणे. ते गठ्ठ्याची दोरी सैल करतात, आत हात घालून मूठभर घास ओढतात आणि नाकाला लावतात. ताज्या, गोडसर वासाचा घास बहुधा चांगला असतो. कुबट वास आला, झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर आत बुरशीने बिऱ्हाड केलेलं असतं. फक्त या पंथाने हुंगण्यात मर्यादा ठेवावी. बुरशी आलेल्या गवताची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेल्याने होणारा फुप्फुसाचा एक आजार वैद्यकाच्या पुस्तकात आहे, आणि त्याचं नावच 'फार्मर्स लंग' आहे. बुरशीची दुसरी भानगड जनावराच्या मार्गाने येते. काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष, विशेषतः खराब पेंडीतून आणि मक्यातून, जनावराच्या पोटात जातं आणि रूप बदलून दुधात उतरतं. आपल्याकडे दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या बारीक गोष्टीला पकडणारं नाक गंगावेशीतही मिळायचं नाही.

आणि नाकालाही फसवणारा घास असतोच. गठ्ठा उघडला की काकवी आणि तंबाखूच्या मधला एक दमदार वास येतो, रंग गडद तपकिरी. निपाणीच्या वखारी पाहिलेल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं. म्हैस तर तुटून पडते. विकणारा म्हणतो, "बघा, जनावर खोटं बोलत न्हाय." जनावर खोटं बोलत नसेल, पण ते गोडखाऊ आहे. हा वास घास आतल्या आत भाजल्याचा असतो. ओला घास दाबून बांधला आणि ढिगात रचला, की जंतू कामाला लागतात, ढीग तापतो, आणि त्या उष्णतेत प्रथिनं साखरेशी अशी चिकटतात की जनावराच्या आतड्याला ती सोडवता येत नाहीत. म्हशीला चव मिळते, मालकाला शेण मिळतं, आणि दोघांच्या मधली प्रथिनं जशी आली तशी उकिरड्यावर जातात.

ढीग याहून तापला तर पुढचा अंक आगीचा. ओल्या घासाची गंजी रचल्यावर काही आठवड्यांनी, कुणी काडी न लावता पेटू शकते. हे जगभर घडतं आणि जगभर विमेवाल्यांना माहीत असतं. आपल्याकडे मात्र गंजी पेटली की पहिली नजर भावकीकडे जाते. बांधाचा जुना वाद निघतो, रात्री अकराला कुणाची मोटारसायकल दिसली याची उजळणी होते, पोलीस पाटील येतात, आणि चार पिढ्यांचा अबोला पाचवीत जातो. काडी कुणी लावली याचा शोध चालू राहतो. काडी गंजीच्या आतच होती, आणि ती ओली होती.

ओल ओळखायला खरं तर फार विद्या लागत नाही. पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ओल असलेला घास मुठीत पिळला की काडी कट्कन मोडते. पिळल्यावर नुसती वाकली, किंवा अंगठ्याचं नख काडीवरून ओढल्यावर साल सोलून निघाली, तर घास अजून ओला. धान्याची ओल बघायला बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवतात, तीच युक्ती बारीक तोडलेल्या घासालाही चालते: मीठ काचेला चिकटलं, गोळा झालं, की सौदा थांबवायचा. याहून नेमका आकडा हवा असेल तर मायक्रोवेव्ह. शंभर ग्रॅम घास तोलायचा, आत पाण्याचा पेला ठेवून थोडा थोडा वेळ तापवायचा, पुन्हा तोलायचा, वजन घटायचं थांबेपर्यंत हे करत राहायचं. जितकं घटलं तितके टक्के ओल. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मुलाच्या वाढदिवसाला आणलेल्या मायक्रोवेव्हमधून गोठ्याचा वास आल्यावर घरात जे तापतं, त्याचं मोजमाप मात्र या पद्धतीत बसत नाही.

तरीही ओल हा दुय्यम मुद्दा. घासात पैसे असतात ते पानात. प्रथिनांचा मोठा वाटा, ढोबळमानाने सत्तर टक्क्यांच्या घरात, पानांत असतो. काडी ही पानं उभी राहावीत म्हणून निसर्गाने केलेली सोय. रोपाला फुलं यायला लागली की ही सोय मोठी होत जाते आणि पानांचा वाटा घटत जातो. म्हणून दहा काड्यांतल्या एखाद्या काडीला फूल दिसलं की विळा लावा, असं जाणते सांगतात. शेतभर जांभळा फुलोरा बघून लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी खूष होतात. त्या शेतातला घास विकत घेणाऱ्याने खूष होऊ नये.

पानाची दुसरी खोड अशी, की ते काडीच्या आधी वाळतं. काडी वाळायची वाट बघावी तर पान कुरकुरीत होऊन देठापासून सुटतं. भर दुपारी असा घास उलथला, बांधला, फेकला, की पानं जमिनीवर आणि काड्या गठ्ठ्यात. म्हणून अनुभवी लोक तो पहाटे बांधतात, दवाने पान जरा मऊ असताना. नेमकी हीच वेळ धारा काढायची असल्यामुळे कोल्हापूरकराची इथं पंचाईत होते, आणि घास राहतो दुपारच्या माणसांवर.

नाक, नख, डोळा यांचं समाधान झालं नाही तर प्रयोगशाळा आहेच. तिथली प्रथिनांची परीक्षा १८८३ सालची आहे आणि तिचा जन्म कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतला. होय, तेच बिअरवाले कार्ल्सबर्ग. बिअरच्या धान्यात प्रथिनं किती हे बघायला योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने ही रीत काढली. नमुना आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. शाकाहारी म्हशीचं पथ्य दारूच्या कारखान्यातल्या परीक्षेवर ठरतं, ही गोष्ट वारकरी गोठेवाल्यांच्या कानावर घालू नये.

या परीक्षेत एक गोम आहे. ती प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते. मग तो नायट्रोजन कुठून आला याची ती चौकशी करत नाही. वैरणीवर युरिया शिंपडला तरी आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतून: नायट्रोजन भरपूर, प्रथिन शून्य, आणि बाळांच्या मूत्रपिंडांत खडे. मघाचा तो तंबाखूच्या वासाचा भाजलेला घासही या परीक्षेत ताठ मानेने पास होतो, कारण नायट्रोजन आहे तिथंच आहे. फक्त जनावराच्या उपयोगाचा राहिलेला नाही. त्याच्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. तेव्हा प्रयोगशाळेच्या कागदावर प्रथिनांचा एकच आकडा असेल, तर तो कागदही 'एक नंबर'चाच टायपात छापलेला भाऊ समजावा.

काडी किती जून झाली आहे हे कळायला तंतूंचे आकडे लागतात. १९६० च्या दशकात पीटर व्हॅन सोएस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याची रीत बसवली. नमुना एका निर्मलकात उकळला की एनडीएफ मिळतो, दुसऱ्यात उकळला की एडीएफ. एनडीएफ जास्त म्हणजे जनावराचं पोट लवकर भरणार आणि खाणं कमी; एडीएफ जास्त म्हणजे खाल्लेलं पचणार कमी. दोन्हींचा मेळ घालून 'सापेक्ष खाद्यमूल्य' काढतात. पूर्ण फुललेल्या घासाला त्यात १०० गुण. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यावर पाच श्रेण्या ठरवल्या आहेत: सुप्रीम, प्रीमियम, गुड, फेअर आणि युटिलिटी. सुप्रीमला १८५ च्या वर गुण आणि २२ टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात; १३० च्या खाली घसरला की युटिलिटी.

कोल्हापुरातही श्रेण्या आहेत, त्यांना फक्त गुण नाहीत. सगळ्यांत वर 'नाद खुळा'. त्याखाली 'एक नंबर'. मग 'बरा हाय की'. मग 'चालतंय, भाकड जनावराला घाल'. आणि तळाला 'पावण्याला दे'. बारकाईने बघितलं तर दोन्हीकडची शिडी सारखीच आहे. भाकड जनावराला हलका घास आणि दुभत्याला भारी, हे तर अमेरिकेतही तसंच चालतं. फरक इतकाच, की तिथं श्रेणी घास बघून ठरते आणि इथं बऱ्याचदा विकणाऱ्याशी असलेली ओळख बघून.

नमुना घेण्याची रीतही तशीच. नियम असा, की एका खेपेतल्या वीसेक गठ्ठ्यांत पोकळ नळी भोसकून प्रत्येकातला थोडा थोडा घास काढायचा, मिसळायचा आणि तो तपासायला द्यायचा. प्रत्यक्षात टेम्पोच्या फाळक्याजवळचा, विकणाऱ्याने प्रेमाने पुढे केलेला गठ्ठा उघडतो. तो गठ्ठा चांगलाच असतो. त्याला त्याच कामासाठी गावोगाव फिरवलेलं असतं असा संशय घ्यायलाही जागा आहे. "मधला काढ रं जरा," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे टेम्पोवाला ज्या नजरेने बघतो, त्या नजरेतच तपासणीचा निम्मा निकाल असतो.

जगात या वैरणीसाठी लोक कुठल्या थराला जातात, ते बघण्यासारखं आहे. अल्मराई ही सौदी अरेबियातली बलाढ्य दूध कंपनी. तिकडे चारा पिकवून भूजल आटायला लागलं, तेव्हा २०१४ मध्ये या कंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोनात जवळपास दहा हजार एकर जमीन विकत घेतली आणि तिथं घास पिकवून जहाजाने मायदेशी न्यायला सुरुवात केली. एका वाळवंटातलं पाणी उपसून दुसऱ्या वाळवंटातल्या गाईंना खाऊ घालायचं, असा हा उद्योग. त्यावर ॲरिझोनात मोठा वाद झाला. शिरोळचा टेम्पो करवीरला आला तर भाड्यावरून तासभर भांडणाऱ्यांनी याचा विचार करावा. हजारो मैलांचं भाडं भरणारा माणूस गठ्ठा 'बघा की' वर घेत नाही. तो आकडे मागतो.

आकड्यांपलीकडच्याही काही गोष्टी गठ्ठ्यात निघतात. अमरवेलीचे पिवळे दोरे निघाले तर तो घास ज्या शेतातला, त्या शेताचं बियाणं चुकूनही घेऊ नये. ही वेल पानं-मुळं सोडून देऊन परक्याच्या अंगावर जगते आणि बियाण्यात लपून गावोगाव जाते. गुटख्याच्या पुड्या निघतात. तारेचे तुकडे निघतात, आणि हे शेवटचं विनोदात घालवण्यासारखं नाही. गाय-म्हैस घास चावून बघत नाही, आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. तार पोटात गेली की ती पोटाचा पडदा टोचत हृदयाकडे सरकू शकते. म्हणून अनेक देशांत धडधाकट गाईला मुद्दाम एक लोहचुंबक गिळायला देतात. तो पोटात तळाशी बसतो आणि आयुष्यभर खिळे-तारा गोळा करतो.

आणि शेवटचं मत अर्थात म्हशीचं. ते विचारायची सोपी जागा म्हणजे सकाळची गव्हाण. रात्री घातलेल्या घासातलं काय उरलं ते बघावं. सगळं साफ असेल तर घास कोवळा होता, किंवा म्हैस उपाशी होती. हा भेद मालकाने स्वतःशी प्रामाणिकपणे करावा. पेन्सिलीच्या जाडीच्या काड्या तेवढ्या उरल्या असतील, तर तेवढं वजन पुढच्या खेपेच्या भावातून वजा करून मागायला हरकत नाही. मात्र चांगला मिळाला म्हणून नुसत्या घासावर जनावर ठेवू नये. त्याला कडबा, वाढं यांची जोड हवी. दवाने भिजलेला हिरवा घास उपाशी पोटी भरपूर घातला तर पोटफुगीने म्हैस तासाभरात आडवी होऊ शकते; वाळल्या घासात ती भीती बरीच कमी.

टेम्पोवाल्याला विचारायचे प्रश्न तसे तीनच आहेत: फुलोरा किती होता, पाऊस लागला का, बांधून किती दिवस झाले. या तिन्हींची उत्तरं तो छातीठोक देईल. मग एक गठ्ठा मधला काढावा, दोरी तोडावी आणि काड्या-पानं वेगळी करून हातावर घ्यावीत. वजनाने निम्मी पानं भरली तर भाव मागेल तो द्यावा, घासाघीस करू नये.

गठ्ठे उतरवताना, कडबाकुट्टीत घालताना पान झडतं आणि त्याचा हिरवा चुरा होतो. कुट्टी वाऱ्यावर केली तर शेजाऱ्याच्या कोंबड्या पोसल्या जातात. टेम्पो रिकामा झाला की त्याच्या पत्र्यावर हाच चुरा बोटभर साचलेला असतो आणि ड्रायव्हर फाळका पाडून तो रस्त्यावर झाडायला निघतो. त्याला तेवढं थांबवा, खाली पोतं धरा. सगळ्या खेपेतली सगळ्यांत जास्त प्रथिनं त्या चुऱ्यात आहेत, आणि काट्यावर त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत.